सुगरणीच्या गावी एक दिवस

नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला सारे जग सल्ला देते. कुणी म्हणतो, पहाटे फिरायला जा. कुणी म्हणतो, ज्ञानेश्वरी वाचा. मला गेल्या वैशाखात कचेरीने शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचे घड्याळ देऊन घरी पाठवले. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचे नाही, त्याला घड्याळ कशासाठी देतात, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

सल्ल्याची मला मात्र गरज नव्हती. पस्तीस वर्षे लोकलच्या दांडीला लोंबकळताना मी सगळे ठरवून ठेवले होते. समुद्राकाठचे खेडे, चार नारळ, पुढे पडवी आणि पडवीत झोपाळा! फंडाचे पैसे हाती आले आणि अलिबागजवळ किहीमला एक लहानसा तुकडा विकाऊ असल्याचे एका स्नेह्याने सांगितले. पावसाळा सरला, गेटवेहून मांडव्याच्या लाँचा पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा मी सौ.ला म्हणालो, "चल, एक दिवस समुद्रावर जाऊन येऊ." जागेबद्दल अक्षर काढले नाही. संसारात काही विषय मोकळ्या वाऱ्यावरच काढावेत, असा माझा अनुभव आहे.

2020 पासून भाऊच्या धक्क्याहून मोटारी पोटात घेऊन जाणारी मोठी रो-रो बोटही मांडव्याला जाते. पण आमच्याकडे मोटार नाही, आणि लाँचच्या कठड्याशी उभे राहून तोंडावर तुषार घेण्याची हौस आहे. तासाभरात मांडवा आले. तिथून बसने चोंढी आणि चोंढीहून रिक्षाने किहीम. मुंबई समोरच्या पाण्यापलीकडे होती, पण गावात शिरताच ती फार लांब राहिल्यासारखी वाटली. दोन्ही बाजूंना वाड्या, सुपारीच्या सावल्या आणि रस्त्याच्या मधोमध बसलेले एक कुत्रे. रिक्षावाल्याने भोंगा वाजवला नाही. कुत्र्याला वळसा घातला. एवढ्यावरून मी गाव पसंत करून टाकले.

सुरूच्या बनातून आम्ही किनाऱ्यावर आलो. ओहोटी होती. समोर खांदेरी-उंदेरीची जोडी दिसत होती. आज किती निवांत दिसतात ही बेटे! पण 1679 साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघांच्याही पोटात गोळा उठला आणि याच पाण्यात लढाई झाली. पुढे सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत खांदेरीही आहे. मी हे सगळे सांगत होतो आणि सौ. वाळूत पाय पसरून, डोळे मिटून बसली होती. तिला अशी बसलेली मी कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती.

परत येताना मी सहजच केल्यासारखे दाखवून त्या तुकड्याच्या वाटेला वळलो. कुंपणाच्या तारेपलीकडे गवत माजले होते आणि कडेच्या शिंदीच्या झाडाला सुगरणीची घरटी लोंबत होती. त्यांतली काही पुरी, काही निम्मीच.

मला विषयाला सुरुवात सापडली. "ठाऊक आहे का, याच किहीमला सलीम अलींनी सुगरणीचा अभ्यास केला. 1930 साली ते जर्मनीहून शिकून परत आले, तर म्युझियममधली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली. नोकरी नाही, म्हणून पत्नी तेहमिनाबाईंसह इथं येऊन राहिले. आणि बेकारीत बसल्या बसल्या जगाला ठाऊक नसलेली गोष्ट शोधून काढली."

"कोणती?"

"घरटं विणतो तो नर. निम्मं झालं की माद्या येतात, आतून-बाहेरून तपासतात. एखादीला पसंत पडलं तर ती राहते आणि मग तो उरलेलं पुरं करतो. नापसंत झालं तर हे असं लोंबत राहतं."

सौ. खुलली. "म्हणजे नाव सुगरण आणि राबतो तो बाप्या! एका तरी जातीत न्याय झाला म्हणायचा." मग जरा थांबून तिने विचारले, "आणि नंतर?"

"नंतर तो दुसरं घरटं बांधायला घेतो." मी घुटमळलो. "दुसरीसाठी."

"आणि अंडी उबवणं, पिलांना भरवणं?"

"ते बहुतेक हिच्याच गळ्यात."

"म्हणजे इथून तिथून सारखेच," असे म्हणून ती चालू लागली.

जेवण आम्ही एका घरगुती खाणावळीत सांगून ठेवले होते. तांदळाच्या गरम भाकऱ्या, वालाचे बिरडे, सोलकढी. ओसरीला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या. अलिबागच्या या कांद्याला आता भौगोलिक मानांकन आहे. चवीला तो गोडसर असतो. मी तृप्त होऊन म्हणालो, "काय निवांत आयुष्य आहे तुमचं!" भाकरी वाढणाऱ्या बाई नुसत्या हसल्या. त्या पहाटेपासून चुलीपुढे होत्या आणि आमच्यामागून आणखी दोन पंगती यायच्या होत्या.

सौ.ने विचारले, "ताई, तुम्ही समुद्रावर केव्हा जाता?"

"जाते की काकू. पाव्हणे आले, की वाट दाखवायला."

त्यानंतर सौ. काही बोलली नाही. परतीच्या लाँचमध्ये मात्र, किनारा मागे पडल्यावर, ती म्हणाली, "जागा चांगली आहे हो."

"कुठली जागा?"

"ज्या तारेशी पाव तास उभे होतात, ती. मला काय कळत नाही? घ्या खुशाल. तुम्ही झोपाळ्यावर बसाल. तिथेही सकाळचा चहा, दोन वेळचा स्वैपाक, आल्यागेल्याचं मीच बघीन. आता एक घर आहे, मग दोन होतील. तुम्हांला कचेरीनं मोकळं केलं. मला कोण करणार?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर सुचले असते. पस्तीस वर्षे मी ज्या निवांतपणाचे चित्र रंगवत आलो, त्यात झोपाळा होता, नारळ होते, चहाचा कपही होता. तो कप आणणारा हात मी कधी काढलाच नव्हता.

जागेचा विचार मी सोडला आहे असे नाही. पुढे ढकलला आहे. त्या तुकड्याआधी घरातलेच काही बांधकाम हाती घेतले आहे. सकाळचा चहा आता मी करतो. पहिल्या दिवशी तो उतू गेला, दुसऱ्या दिवशी साखर जास्त झाली. सौ. कप हाती घेते, आतून-बाहेरून पाहते, एक घोट घेते आणि काही न बोलता खिडकीशी बसते.

निम्मे घरटे विणून झाले आहे. पसंतीचा निकाल अजून लागायचा आहे.