वयाचा दाखला आणि आपली सही

निपाणी-बेळगाव परिसरातला मुलगा कोल्हापूरच्या तालमीत घडतो आणि तिथल्याच महाविद्यालयात शिकून शिवाजी विद्यापीठातर्फे मैदानात उतरतो. जन्मनोंद एका राज्यात, शाळेचा दाखला दुसऱ्या. दोहोंत तफावत पडली की स्पर्धेतील पात्रतेचा प्रश्न उभा राहतो आणि ‘डॉक्टर, दोन वर्षे कमी लिहा’ अशी गळ आपल्याला घातली जाते. ही भीड मोडली पाहिजे. वय चोरणारा खेळाडू खऱ्या वयाच्या मुलाची जागा हिरावतो आणि तो मुलगा गाऱ्हाणे घेऊन आपल्या दारी येत नाही.

केंद्र शासनाने २०१० मध्ये वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता केली. तथापि मनगटाचा एक्स-रे हाडांची परिपक्वता सांगतो. कुपोषण वा अंतःस्रावी विकारांमुळे तीत वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज संभवतो. शिवाय अठरा-एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास हाडे सांधली की विशीतला आणि पंचविशीतला खेळाडू त्यावरून वेगळा ओळखता येत नाही. महाविद्यालयीन स्पर्धांत नेमकी अडचण होते ती इथेच.

खरा उपाय प्रसूतिगृहात आहे. १९६९ च्या कायद्यानुसार जन्माची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. ती आपण चोख द्यावी आणि पालकांच्या हाती दाखला पडेपर्यंत पाठपुरावा करावा.