रेषेबाहेर बसलेली पोरं

१ मार्च २०२४ ची रात्र. मी सुट्टीला मुडबीला गेलो होतो. आमचं गाव बसवकल्याण तालुक्यातलं, बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या शिवेजवळचं. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि चहाच्या टपरीवर दोन्ही, वर तोंडी लावायला थोडी उर्दू. त्या रात्री टपरीसमोर एकाच मोबाईलभोवती आम्ही दहाबारा जण दाटीवाटीने बसलो होतो. हैदराबादला प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाची फायनल चालू होती. पुणेरी पलटण विरुद्ध हरियाणा स्टीलर्स.

एरवी आमच्यात दोन तट असतात. निम्मे बेंगळुरू बुल्सचे, निम्मे पलटणचे. त्या वर्षी बुल्स प्लेऑफमध्ये पोचलेच नव्हते. शिवाय पलटणचे प्रशिक्षक बी. सी. रमेश हे कर्नाटकचे, अर्जुन पुरस्काराचे मानकरी. त्यामुळे बुल्सवाले पण म्हणाले, "मग आपलंच की!" आणि सगळी टपरी एका बाजूची झाली. मध्यंतराला पलटण १३-१० अशी पुढे होती. पंकज मोहितेने नऊ गुण मिळवले, तरी शेवटच्या मिनिटापर्यंत कुणाचा जीव थाऱ्यावर नव्हता. २८-२५ वर सामना संपला आणि पलटणने पहिल्यांदा करंडक उचलला. आम्ही नाचलो. टपरीवाले काका म्हणाले, "नाचा, पण आधी बारा चहाचे पैसे काढा."

माझा धाकटा चुलतभाऊ मात्र नाचला नाही. सगळं शांत झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "दादा, ह्यांच्यातले किती जण ऐन वेळेला बाहेरून आणलेले हाईत?"

हा प्रश्न त्याने का विचारला ते मला माहीत होतं. त्याच हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका जत्रेत कबड्डीच्या स्पर्धा झाल्या. गावाचं नाव सांगत नाही, कारण दोष एका गावाचा नाही. आमच्या संघातली पोरं दिवाळीपासून रोज संध्याकाळी सराव करत होती. स्वतः वर्गणी काढून फक्की आणायची, मैदान आखायची. भाऊ डावा कॉर्नर खेळायचा. स्पर्धेच्या आदल्या रात्री मोठ्या मंडळींनी ठरवलं की बक्षीस मोठं आहे, तेव्हा बाहेरून चार खेळाडू आणायचे. गाडीभाडं, जेवण आणि वर रोख पैसे. सकाळी ते चौघे उतरले, आमच्या पोरांच्या अंगातल्या जर्सी काढून त्यांना दिल्या, आणि आमची पोरं रेषेबाहेर बसून टाळ्या वाजवायला लागली. आम्ही तिसरे आलो. बक्षिसाची निम्मी रक्कम त्या चौघांच्या भाड्यातच गेली.

त्या रात्री भावाला मी नीट उत्तर दिलं नाही. "झोप आता," म्हणालो. ते उत्तर इथे लिहितो.

पलटणचा तो हंगाम आकड्यांत बघा. साखळीत २२ सामने, १७ विजय, फक्त २ पराभव, ३ बरोबरीत. ९६ गुण आणि पहिला नंबर. हाच संघ २०१४ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा आठ संघांत आठवा आला होता, आणि पुढच्या वर्षीही आठवाच. मग हे झालं कसं?

कर्णधार अस्लम इनामदार अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातला. तो आणि मोहित गोयत आठव्या हंगामात नवखे म्हणून पलटणच्या जर्सीत आले. पंकज मोहिते त्याच्याही आधीपासून, २०१९ पासून पलटणकडे. नवव्या हंगामात या पोरांनी संघाला फायनलपर्यंत नेलं. पण १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत फायनल झाली तेव्हा अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीने बाहेर होते. जयपूरने पलटणला ३३-२९ असं हरवलं. अशा वेळी आमच्याकडे काय झालं असतं? "ह्या पोरांच्यात दम न्हाई" म्हणून सगळी पोरं बदलली असती. पलटणने बहुतेक पोरं ठेवली, प्रशिक्षक ठेवला, आणि फझल अत्राचलीसारखा नावाजलेला कर्णधार सोडून कप्तानी अस्लमकडे दिली.

आता कुणी म्हणेल, पलटणने पण बाहेरचा खेळाडू आणलाच की! बरोबर आहे. इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला त्यांनी २ कोटी ३५ लाखांना घेतलं. गंमत बघा, ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण फायनल झाली. अस्लम भारताच्या संघात, शादलू इराणच्या. भारताने ती ३३-२९ ने जिंकली. दोनच दिवसांनी सुरू झालेल्या लिलावात शादलू अस्लमचा साथीदार झाला, आणि पुढे हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. पण तो आला तेव्हा बाकीचा संघ जागेवर उभा होता. तो डिसेंबर ते मार्च या पोरांबरोबर राहिला. सामन्याच्या दिवशी सकाळी गाडीतून उतरला नाही.

नुसत्या पैशाने काय होतं त्याचं उदाहरणही त्याच हंगामात आहे. त्या लिलावातला सर्वात महागडा खेळाडू पवन सेहरावत. २ कोटी ६० लाखांहून जास्त मोजून त्याला तेलुगू टायटन्सने घेतलं. पवन मोठा खेळाडू आहे, शंकाच नाही. पण टायटन्स २२ पैकी २ सामने जिंकून बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिले. कबड्डीत पकड एकट्याची नसते. कॉर्नरने पाय धरला की कव्हरने त्याच क्षणी अंगावर यायला लागतं. ही वेळ सरावाने जुळते, आणि सरावाला महिने लागतात.

आपल्या कबड्डीचा लांबचा चुलतभाऊ म्हणावा असा खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल. त्यातही धरणं, पाडणं, अडवणं आहे. तिकडचे व्यावसायिक खेळाडू आधी कॉलेजांच्या संघांत घडतात. मग दर वर्षी जी निवड होते तिच्यात आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली संधी मिळते. हा खेळ २०१२ मध्ये 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' या नावाने आपल्याकडेही आणला गेला. त्यात 'पुणे मराठाज' नावाचा संघसुद्धा होता. आज तो किती जणांना आठवतो? लीग रुजली नाही. मला वाटतं, खाली शाळा-कॉलेजांची मैदानं नव्हती, नुसतं वरचं छप्पर घातलं. कबड्डीला आपल्याकडे खालची माती आहे. पण तिच्यात रुजलेली रोपं आपणच उपटून बाजूला ठेवतो.

माझ्या म्हणण्याला एक अडचण आहे, ती लपवत नाही. अकराव्या हंगामात अस्लम जखमी झाला आणि पलटण प्लेऑफपर्यंतही पोचली नाही. शादलू २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला, आणि २९ डिसेंबर २०२४ ला पुण्यात, बालेवाडीलाच, हरियाणाने पाटण्याला हरवून करंडक जिंकला. मग शादलूमुळेच सगळं झालं का? तसं म्हणता येत नाही. हरियाणाने आदल्या वर्षीच्या हरलेल्या फायनलनंतर कर्णधार जयदीप दहिया ठेवला, प्रशिक्षक मनप्रीत सिंग ठेवले, आणि मग त्यात शादलूची भर घातली. आणि पलटण? ती २०२५ मध्ये अस्लमबरोबर पुन्हा फायनलला आली, दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. चार हंगामांत तीन फायनल. वाढवलेला संघ पडतो, पण परत उठतो. भाड्याने आणलेले चौघे त्याच रात्री गाडीत बसून निघून गेले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे ना ते होते, ना सराव केलेली पोरं. रुसलेली पोरं परत मैदानावर आलीच नाहीत.

आमच्या एका वडीलधाऱ्यांशी मी यावर बोललो. ते म्हणाले, "बाबा, हरलो तर गावाची लाज जाते." मी म्हणालो, "काका, जिंकलेलं तरी गावाचं कुठं असतं?" ते गप्प बसले. पटलं की नाही, कळलं नाही.

माझं मागणं मोठं नाही. जत्रेतल्या स्पर्धांत खेळाडूंची यादी महिनाभर आधी घ्यावी. बाहेरचा खेळाडू एकच असावा, आणि तोही सरावाला आलेला असावा. बक्षिसाच्या पैशातला काही भाग धाकट्या गटाच्या स्पर्धेला ठेवावा. आणि हे फक्त गावांना सांगून भागणार नाही. आपल्याकडे कॉलेजांतही ऐन स्पर्धेपुरता प्रवेश दिलेला खेळाडू आणि वर्षभर घाम गाळून राखीव बाकावर बसलेला विद्यार्थी, दोन्ही दिसतात. खेळातच नव्हे, नाटकाच्या आणि वक्तृत्वाच्या संघातही दिसतात. वाङ्मय मंडळाच्या वाचकांनी आपापल्या मंडळाकडे एकदा या नजरेने बघावं.

माझा भाऊ आता हैदराबादला बांधकामावर मेस्त्रीच्या हाताखाली आहे. कबड्डी सोडली. पलटणचा सामना असला की रात्री त्याचा फोन येतो, स्कोअर दोघांनाही माहीत असतो, तरी बोलतो. गेल्या खेपेला मी जत्रेच्या मंडळींना वरच्या तिन्ही सूचना कागदावर लिहून दिल्याचं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "दे की. मला उपयोग न्हाई, पण बारकी पोरं हाईत अजून."

कागद मंडळींनी घेतलाय. उत्तर जत्रेच्या आधी कळेल.