मीटिंग एकच नसते!

मैत्रिणींनो, ह्या खेपेस उन्हाळी वाळवणांविषयी लिहायचं ठरवलं होतं. पण गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर एका विद्यार्थ्याच्या आईनं मला फाटकाशीच गाठलं. खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, ह्यांना दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला पाठवलं होतं. एकदाच गेले. म्हणतात, ते आपल्यासाठी नाही. आता काय करू?"

वाळवणं पुढच्या अंकात. तिला जे सांगितलं तेच आज तुम्हांला सांगते. पुस्तकातलं नव्हे, आमच्याच घरातलं आहे. आमचे धाकटे भावजी प्यायचे. पगाराच्या दिवशी जाऊबाई कारखान्याच्या दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. शेवटी त्यांच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या, तेव्हा कुठे घरात ह्या विषयावर तोंड उघडलं गेलं.

आधी डॉक्टर, बरं का! रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर हातपाय कापतात, काहींना झटके येतात, भास होतात. प्रसंगी जिवावर बेततं. म्हणून त्याला घरात कोंडून ठेवू नका. आणि कुणी दिलेली पुडी आमटीत गुपचूप मुळीच घालू नका. अशा औषधावर तो प्यायला तर भलतंच होऊन बसेल.

मग मीटिंग. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, सगळे 'एए' म्हणतात. अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी १९३५ साली बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ ह्या दोघांनी ही सुरू केली. दोघेही पिणारेच! आपल्यासारख्याशीच मन मोकळं केलं की पिण्यावाचून दिवस निघतो, हे त्यांना उमगलं. तिथे फी नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा हवी, एवढीच अट.

भावजी पहिल्यांदा गेले ती मीटिंग चर्चच्या शाळेत, आणि सारं बोलणं इंग्रजीत. घरी येऊन म्हणाले, "वहिनी, ती साहेबलोकांची जागा." त्याच रात्री पिऊन आले. दुसऱ्या मीटिंगला शिरले, तर समोर त्यांच्याच खात्यातला माणूस! आल्या पावली परतले. तो माणूसही दारू सोडायलाच आला होता, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

तिसरी मीटिंग नगरपालिकेच्या शाळेत, मराठीतली. एक रिक्षावाले उठून बोलले. मुलाच्या बारशाचे पैसे आपण कसे उडवले ते त्यांनी सांगितलं. भावजी मान खाली घालून ऐकत राहिले. पुढच्या आठवड्यात मात्र न सांगता आपणहून गेले.

तेव्हा मैत्रिणींनो, पहिली मीटिंग मानवली नाही म्हणून सारंच मोडीत काढू नका. साडी घेताना आपण दहा घड्या उलगडून बघतो. इथे तर संसाराचा प्रश्न! निदान चार-सहा वेळा, दोन-तीन ठिकाणी जाऊन पाहू द्या. भाषा आपली हवी. वेळ शक्यतो संध्याकाळची, कारण गुत्त्याकडे पाय वळतात तीही तीच वेळ. जागा कामावरून घरी येण्याच्या वाटेवर असली तर बरं. चर्चमध्ये भरते म्हणून बिचकू नका. एए कुठल्याच धर्माची नाही. काही मीटिंगा 'खुल्या' असतात, तिथे घरच्यांनाही बसता येतं. 'बंद' असते ती फक्त पिण्याचा प्रश्न असणाऱ्यांसाठी. गावात मीटिंगच नसेल तर आता फोनवरूनही भरतात. पत्ता सापडला नाही तर सरकारच्या १४४४६ ह्या नंबरावर विचारा. पैसे पडत नाहीत.

आणि तुमचं काय? बिल विल्सन मीटिंगांत गुंतले, की त्यांची बायको लोइस हिला एकटं पडल्यासारखं वाटायचं. एकदा संतापून तिनं नवऱ्याला बूटच फेकून मारला! नवरा तर सुधारला, मग मी का धुमसते आहे, असं तिचं तिलाच नवल वाटलं. पुढे १९५१ साली तिनं एका मैत्रिणीबरोबर घरच्या माणसांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' सुरू केलं. आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट ह्यांनी काढलेल्या 'मुक्तांगण'मध्येही बायकांचा वेगळा विचार होतो. नवरा सोडो न सोडो, आपण तिथे जावं. त्याच्या पिण्याचा दोष आपल्या माथी नाही, हे तिथे कळतं. मात्र तो अंगावर हात टाकत असेल तर मीटिंगची वाट बघू नका. आधी मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा, १८१ला फोन करा.

भावजींचा मध्ये एकदा पाय घसरला होता. खोटं कशाला सांगू? पण दुसऱ्याच दिवशी ते त्याच वर्गात जाऊन बसले. आता चार वर्षं झाली. पाटल्या काही परत आल्या नाहीत. पण पगाराच्या दिवशी जाऊबाई आता घरीच असतात. शनिवारी संध्याकाळी त्या त्यांच्या मीटिंगला जातात, आणि त्यांच्या घरच्या पोळ्या मी लाटून ठेवते.

त्या विद्यार्थ्याच्या आईलाही मी तेच म्हटलं, "अगं, एकच तर पाहिलीस. दुसरी बघ. पोराला माझ्याकडे सोड, अभ्यास घेते."