अंथरूण आणि उष्मा : आपण न विचारलेला एक प्रश्न

रुग्णाचा पूर्ववृत्तांत घेताना "किती उशा घेऊन झोपता?" हा प्रश्न आपण आवर्जून विचारतो. एक उशी पुरते की तीन लागतात, यावरून हृदयाच्या कार्यक्षमतेचा आणि फुप्फुसांत साचणाऱ्या पाण्याचा अंदाज बांधतो, केसपेपरवर तशी नोंदही करतो. परंतु त्या उशीत काय भरले आहे, अंगाखाली कोणती गादी आहे, गादीवर कसले कापड आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. ते विचारले पाहिजे, निदान चैत्रापासून मृगापर्यंत तरी विचारलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मधुमेह, हृदयविकार आदी भारदस्त विषयांच्या पंक्तीला गादी-उशी बसविल्याबद्दल वाचकांनी राग मानू नये. चरकाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आणि निद्रानाशावरील उपायांत नीट अंथरलेली शय्या व सुखकर घर यांचाही उल्लेख केला. तेव्हा हा विषय अगदीच उपरा नाही.

आम्ही इंदूरकर रात्रींच्या बाबतीत फार लाडावलेलो आहोत. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, ही म्हण उत्तर हिंदुस्थानात सर्वश्रुत आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने मे महिन्यात दिवसा पारा चाळिशीला टेकला तरी रात्री वारा सुटे. रामबागेत काय किंवा लोकमान्यनगरात काय, संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडायचे, सतरंज्या घालायच्या आणि पहाटे अंगावर पासोडी ओढायची, हा शिरस्ता होता. ग्वाल्हेरच्या नातलगांना आमचा हेवा वाटे. आता घरे सदनिकांत गेली, गच्ची सोसायटीच्या मालकीची झाली, आणि दिवसभर तापलेले काँक्रीट मध्यरात्रीपर्यंत आपली उष्णता खोलीत ओतीत राहते. हवामान खात्यालाही आता 'उष्ण रात्र' अशी संज्ञा वापरावी लागते. दिवसाचे तापमान ४० अंश वा त्याहून अधिक असताना रात्रीचे किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त राहिले, तर ती उष्ण रात्र. त्याही पुढे गेल्यास 'अति उष्ण'. दिवसाचा ताप शरीर सोसते, ते रात्री विसावा मिळेल या भरवशावर. तो विसावाच हिरावला गेला की वृद्ध आणि हृदयरोगी यांचे हाल होतात.

झोप आणि शरीराचे तापमान यांचे नाते आपण पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्रात शिकलो आणि बहुधा तिथेच सोडून आलो. झोप लागण्याच्या सुमारास हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, त्यांतून उष्णता बाहेर पडते आणि शरीराच्या गाभ्याचे तापमान हळूहळू उतरू लागते. पहाटेपर्यंत ते साधारण एक अंशाने खाली येते. ही उतरण झोपेचा परिणाम आहे तशीच तिची पूर्वअटही आहे. उष्णता बाहेर पडण्याची वाट अडली की झोप लांबते, तुटते, उथळ होते. स्वप्नावस्थेच्या निद्रेत तर घाम येण्याची आणि कुडकुडण्याची यंत्रणा जवळजवळ थबकलेली असते. त्या काळात आपण सभोवतालच्या तापमानाच्या हवाली असतो, आणि ही अवस्था उत्तररात्री अधिक असते. तीन-चार वाजता "जीव घाबरला, उठून बसलो" म्हणणाऱ्या रुग्णाचा ईसीजी अवश्य काढावा, परंतु तो निर्दोष निघाल्यावर गादीचीही चौकशी करावी.

झोपलेला प्रौढ मनुष्य साधारण ७० वॅट उष्णता सतत बाहेर टाकीत असतो, म्हणजे जुन्या काळच्या साठच्या दिव्याहून थोडी अधिकच. वरचा पंखा अंगाच्या वरच्या बाजूची काळजी घेतो. खालच्या बाजूचे काय? उताण्या झोपलेल्या माणसाची पाठ, कंबर, मांड्या गादीला चिकटलेल्या असतात. तिथे वारा पोचत नाही आणि घामही उडून जात नाही. वास्तविक एक लिटर घाम वाफ होताना जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, शरीराला थंड करण्याचे याहून प्रभावी साधन नाही. पण तो उडाला तर! नुसता निथळला किंवा गादीत मुरून तिथेच राहिला, तर थंडावा काहीच नाही, घामोळे मात्र पदरात पडते.

या दृष्टीने पाहिले तर सुंभाची बाज आणि नवारीचा पलंग यांना तोड नाही. त्या खालूनही श्वास घेतात. आपण त्या दिवाणखान्यातून हद्दपार केल्या, कारण त्या गरिबीच्या खुणा वाटू लागल्या. हल्ली त्याच बाजा मोठ्या उपाहारगृहांत शोभेसाठी मांडलेल्या दिसतात, हा भाग निराळा.

एक उदाहरण देतो. सत्तरीच्या एक बाई निद्रानाशासाठी माझ्याकडे आल्या. दुसरीकडे सुरू झालेली अल्प्राझोलामची गोळी त्या दोन वर्षे घेत होत्या, आणि महिन्याभरापूर्वी रात्री उठताना तोल जाऊन पडल्याही होत्या. दैवयोगाने हाड मोडले नाही. चौकशी करता असे समजले की मुलाने मोठ्या प्रेमाने आईसाठी जाड फोमची गादी घेतली, आणि ती खराब होऊ नये म्हणून दुकानातून आलेले प्लास्टिकचे वेष्टन तसेच ठेवून वर पॉलिएस्टरची पलंगपोस अंथरली. बाई दोन उन्हाळे प्लास्टिकवर झोपत होत्या. वेष्टन काढले, फोमवर एक पातळ कापसाची गादी आणि धुऊन मऊ झालेली सुती चादर घातली, गोळी दीड-दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद केली. बाई आता अखंड आठ तास झोपतात असा दावा मी करणार नाही. त्या वयात कोणी तसे झोपत नाही. परंतु गोळी सुटली. अल्प्राझोलाम आणि झोलपिडेम २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' मध्ये आहेत आणि वृद्धांना अशी औषधे शक्यतो देऊ नयेत हे आपण सर्वच जाणतो. असे असता चिठ्ठी लिहिण्यास लागणारे अर्धे मिनिट अंथरुणाची चौकशी करण्यास का लागू नये?

आता बाजाराकडे वळू. दुकानात शिरताच 'ऑर्थोपेडिक' गादी पुढे केली जाते. हा शब्द आपल्या शास्त्रातला, परंतु गादीवर तो छापण्यासाठी कोणतीही वैद्यकीय कसोटी पार करावी लागत नाही. पाठदुखीला कडक बिछाना हवा, फळीवर झोपा, हा सल्लाही आपणच पिढ्यान्‌पिढ्या दिला. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये स्पेनमधील ३१३ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि जुनाट कंबरदुखीसाठी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी अधिक उपकारक ठरली. तरी कडकपणाचा महिमा ओसरलेला नाही. 'डॉक्टरांनी शिफारस केलेली' ही पाटी तर मला विशेष खटकते. २००२ च्या आचारसंहितेने व्यावसायिक वस्तूची आपल्या नावे शिफारस करण्यास आपल्याला मनाई केलेली आहे. मग हे शिफारस करणारे डॉक्टर कोण? (या स्मरणिकेत एखाद्या गादीची जाहिरात असल्यास संपादकांनी मला क्षमा करावी, छपाईचा खर्च कोठून निघतो हे मला ठाऊक आहे.)

मेमरी फोमचा उगम १९६६ च्या सुमारास अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी झालेल्या विमानाच्या आसनांवरील संशोधनात आहे. धक्का शोषून घेणे हे त्याचे मूळ काम. अंगाच्या उष्णतेने तो मऊ होतो आणि शरीराला सर्व बाजूंनी कवटाळतो. सांधेदुखीच्या रुग्णाला, थंड हवेत, हे सुखाचे वाटू शकते. वैशाखातल्या इंदुरात ते कवटाळणे म्हणजे उष्णता सुटण्याची वाट बुजविणे होय. म्हणून त्यावर 'कूलिंग जेल'चा थर येतो. हा थर हाताला गार लागतो हे खरे, कारण तो सुरुवातीला उष्णता ओढून घेतो. पण घेतलेली उष्णता तो टाकणार कोठे? काही वेळाने तोही अंगाइतकाच तापतो. दुकानात पाच मिनिटे पहुडून केलेली परीक्षा म्हणूनच फसवी असते.

चादरींच्या बाबतीत दोऱ्यांच्या संख्येचे मोठे स्तोम आहे. एका चौरस इंचात हजार दोरे, असे अभिमानाने सांगतात. बहुपदरी दोऱ्याचा प्रत्येक पदर वेगळा मोजून हा आकडा फुगविता येतो. शिवाय वीण जितकी दाट तितका वारा कमी. उन्हाळ्यासाठी दोनशे ते तीनशे दोऱ्यांची साध्या विणीची सुती चादर सर्वांत उत्तम, तीही चार वेळा धुतलेली. कापूस हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. एवढ्या एका फरकात निम्मे शास्त्र आले. ज्या शहराच्या कापडगिरण्यांचे भोंगे ऐकून आमच्या वडीलधाऱ्यांनी घड्याळे लावली, तिथल्या घरांत आज चकचकीत कृत्रिम धाग्याच्या पलंगपोसांवर माणसे तळमळतात. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. तेथील चादर आता मिळायची नाही, परंतु बऱ्हाणपूरचे सुती कापड आणि बागच्या छापाच्या चादरी बाजारात आहेत.

उशीसाठी माझे मत सावरीच्या कापसाला. त्याचे तंतू आतून पोकळ, अंगाने मेणचट आणि वजनाने हलके. ते घाम पिऊन जड होत नाहीत, गोळेही कमी होतात. साच्यातली फोमची उशी डोके आणि मान तापवते. मात्र उशीची उंची माणसागणिक निराळी हवी. कुशीवर झोपणाऱ्यास खांद्याच्या रुंदीइतकी, उताणे झोपणाऱ्यास बेताची. तेलाने अभ्रा खराब होतो म्हणून उशीला आतून प्लास्टिक शिवण्याची काही घरांत पद्धत आहे, ती सोडावी. अभ्रे आठवड्याला दोन वेळा धुतले की काम भागते.

कापसाच्या गादीत दोष नाहीत असे नाही. ती दबते, गोळे होतात, दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यावी लागते. दम्याच्या रुग्णाच्या घरी धुळीतील किडीचा प्रश्न असतो. त्यासाठी आपण गादीला घट्ट खोळ घालावयास सांगतो, आणि ती खोळ प्लास्टिकची असली की रुग्ण घामाने जागा राहतो. येथे निवड खरोखर अवघड आहे. दाट विणीची, हवा जाऊ देणारी खोळ मिळते, ती महाग असते. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी मी पातळ, उचलता येण्याजोगी गादी, दर आठवड्याला कडक ऊन आणि गरम पाण्यात धुतलेल्या चादरी सुचवितो. दमा जोरावर असेल, तर मात्र खोळीला पर्याय नाही आणि उकाड्याची तक्रार दुय्यम मानावी लागते.

वातानुकूलन यंत्राला माझा विरोध नाही. ज्या घरात ऐंशी वर्षांचे आजोबा आहेत, तिथे उष्ण रात्री ते गरजेचेच आहे. परंतु यंत्र अठरावर ठेवून अंगावर रजई घेण्याचा जो प्रकार घरोघरी दिसतो, त्याला काय म्हणावे? २०२० पासून ही यंत्रे चोवीस अंशांवरच सुरू होतील अशी योजना केलेली आहे. ते चोवीस-पंचवीसवर राहू द्यावे, सोबत पंखा मंद फिरवावा, खाली सुती अंथरूण असावे. विजेचे बिल उतरते आणि पहाटे शरीराचे तापमान सर्वांत खाली असताना हुडहुडीही भरत नाही.

राहता राहिली आपली स्वतःची रुग्णालये. रेक्झिनच्या गाद्या जंतुसंसर्ग टाळण्यासाठी आवश्यक आहेत, याबद्दल वाद नाही. पण त्यावर टेरिकॉटची एकच झिरझिरीत चादर घालून शस्त्रक्रियेच्या रुग्णाला आठ-आठ दिवस झोपविणे योग्य नव्हे. शय्याव्रणांचा धोका मोजण्याच्या ब्रेडन पट्टीत त्वचेचा ओलावा हा स्वतंत्र घटक आहे, आणि आपण दाब कमी करण्यासाठी हवेची गादी आणतो, ओलाव्याचा विचार सोडून देतो. रेक्झिनवर जाड सुती पासोडी, तीवर सुती चादर, आणि घामाने भिजताच बदल, इतके प्रत्येक नर्सिंग होमला करता येईल. हवेच्या गादीवर मात्र जाड घड्या घालू नयेत, एकच सुती चादर पुरे, नाहीतर तिचा उपयोगच जातो. प्रसूतिकक्षात बाळाखालचे मेणकापडही असेच. ते लागते तेवढ्यापुरते ठेवावे, वर सुती दुपटे हवे. कमी वजनाच्या आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाला उबेची गरज असते, पण चांगल्या चार महिन्यांच्या बाळाला मे महिन्यात टोपडे, मोजे आणि दुलईत गुंडाळणाऱ्या आज्यांना आपण स्पष्ट सांगितले पाहिजे. बाळाला उताणे, सपाट व घट्ट गादीवर, उशीविना झोपवावे. मोहरीची उशीदेखील नको.

मंडळाच्या येत्या वार्षिक सभेत मी दोन गोष्टी सुचविणार आहे. सभासदांच्या रुग्णालयांसाठी सुती चादरी व पासोड्या एकत्रित खरेदी करून घाऊक भावात मिळवाव्यात, आणि शहरात अद्याप काम करणाऱ्या पिंजाऱ्यांचे पत्ते, त्यांच्या संमतीने, मंडळाच्या सभासदसूचीच्या शेवटच्या पानावर छापावेत. धुनकीचा टणत्कार गल्लीत ऐकू येईनासा झाला असला तरी हे कारागीर आहेत. माझ्या घरच्या गाद्या गेल्या फाल्गुनातच पिंजून झाल्या.