हेझलचं कार्ड, किंवा दोनदा मोजलेलं नशीब

गेल्या वीकेंडला स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये परत सपाटून मार खाल्ला. हरल्याचं दुःख नाही. म्हणजे आहे, पण ते वेगळं. हरलो कोणामुळे, तर बॉब हेझलमुळे!

कोण हा हेझल? १९५७ साली मिलवॉकी ब्रेव्ह्जकडून ४१ मॅचेस, १३४ अ‍ॅट-बॅट्स, अ‍ॅव्हरेज .४०३. पुढच्या वर्षी बॅट थंडावली आणि १९५८ नंतर गडी मेजर लीगमध्ये दिसलाच नाही. पण माझ्या मित्राने त्याला अख्खा सीझन खेळवला. कार्डावरचा हेझल त्याच टीममधल्या हँक एरनपेक्षा भारी! एरन त्या वर्षी ४४ होमरन मारून एमव्हीपी झाला होता हो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: हॅल रिचमनने १९६१ साली तो बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, आणि तीन फासे. एक फासा ठरवतो की निकाल बॅटरच्या कार्डावर बघायचा की पिचरच्या आणि कुठल्या रकान्यात. उरलेल्या दोघांची बेरीज ओळ ठरवते. डिझाइन खरंच झकास आहे. बग आहे तो डेटात.

साधं गणित करा. खऱ्या .३०० च्या बॅटरला १३४ अ‍ॅट-बॅट्स दिले तर स्टँडर्ड डिव्हिएशन ४० पॉइंट्सचं येतं. म्हणजे नुसत्या नशिबाने तो .३४० दिसेल नाहीतर .२६०. खरा सीझन म्हणजेच एकदा टाकलेले फासे! जे पडलं तेच कौशल्य समजून कार्डावर छापायचं आणि त्यावर पुन्हा फासे टाकायचे. नशीब दोनदा मोजलं की नाही?

पिचर्सचं तर विचारूच नका. पेड्रो मार्टिनेझने १९९९ मध्ये ३१३ स्ट्राइकआउट केले, होमरन दिले ९. २००० साली स्ट्राइकआउट घटून २८४, होमरन वाढून १७. तरी हिट्स मात्र १६० वरून १२८ वर! कारण बॅटला लागून मैदानात आलेल्या चेंडूंवर आधी .३२३ ने हिट्स गेल्या होत्या, नंतर .२३६ ने. यावर पिचरचा ताबा फार थोडा असतो हे व्होरोस मॅक्रॅकनने २००१ मध्येच मांडलंय. पण कार्ड ते सगळं पेड्रोच्याच खात्यात जमा करणार.

(फील्डिंगला १ ते ५ आकडे असतात. त्यावर वेगळी पोस्ट लागेल.)

लोक म्हणतात, 'अरे, हा रिप्ले आहे, जे घडलं तेच दाखवणार.' बरं, मग हेझलला १३४ अ‍ॅट-बॅट्सनंतर बसवा ना! काही लीग तसा नियम करतातही. ड्राफ्ट करून नव्या टीम बांधायच्या असतील, तर छोट्या सॅम्पलचे आकडे लीगच्या सरासरीकडे ओढा. एका एक्सेल शीटचं काम आहे, मी करून पाठवलंसुद्धा.

मित्राने शीट उघडून बघितली, 'मस्त आहे' म्हणाला, आणि पुढच्या ड्राफ्टसाठी २००० चा पेड्रो मागून घेतला.