मुक्काम दोन, पसंती दोघांची

तुळशीचं लग्न लागलं की नेवाशात मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात आणि ज्या घरांत लग्न ठरलंय तिथे एक वाद हमखास निघतो: लग्नानंतर फिरायला जायचं कुठं आणि राहायचं किती ठिकाणी? पूर्वी महाबळेश्वर किंवा गोवा ठरलेलं असे. आता पुण्यात नोकरीला असलेली किंवा घरचा ऊस असलेली मुलं सर्रास इंडोनेशियातल्या बालीचं नाव घेतात. बालीला जायचं तर मुक्काम दोनच करावेत, एक डोंगराकडे उबुदला आणि दुसरा समुद्रकाठी. आणि त्यांतला एक नवरीने ठरवावा, एक नवरदेवाने, असं माझं ठाम मत आहे. त्याविरुद्ध जे बोललं जातं, ते एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप वडीलधाऱ्यांचा. जेजुरी-तुळजापूर झालं, मोहिनीराजाच्या पाया पडून झालं, जागरण-गोंधळ झाला; आता विमानात पैसे कशाला घालायचे? या बोलण्यामागची काळजी खरी आहे. लग्नाचं कर्ज बहुतेक वेळा त्यांच्याच डोक्यावर असतं, आणि कर्ज काढून कुणी बालीला जाऊ नये. पण ऐपत असेल तर देवदर्शन हा मधुचंद्राला पर्याय ठरत नाही. देवदर्शनाला गाडी भरून अख्खं घर सोबत असतं. साखरपुड्यापासून जिचं होणाऱ्या नवऱ्याशी बोलणं फोनवरच झालंय, तिला त्याच्याशी निवांत बोलायला आठवडाभर मिळाला, तर त्यात कुणाचं काय बिघडतं?

दुसरा आक्षेप नकाशा पाहणाऱ्यांचा. बालीचं क्षेत्रफळ सुमारे 5,780 चौरस किलोमीटर, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचं 17,048. जिल्ह्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढं बेट. मग दोन हॉटेलं कशाला? नेवाशाहून देवगड, शिंगणापूर, शिर्डी एका दिवसात होतं, तसं तेही होईल. हा हिशोब कागदावर बरोबर आहे, रस्त्यावर तो टिकत नाही. बालीत रेल्वे नाही. रस्ते अरुंद आणि दुचाकींनी गच्च भरलेले. विमानतळापासून उबुद जेमतेम 35-40 किलोमीटर, पण तेवढ्याला दीड तास सहज लागतो, गर्दीच्या वेळी त्याहूनही जास्त. समुद्रकाठी राहून उबुदला ये-जा करणाऱ्याचे तीन-चार तास गाडीतच जातात. शिवाय तो भरदुपारी, ऐन गर्दीत तिथे पोचतो आणि थंड पहाट नि शांत रात्र या दोन्हींना मुकतो.

तिसरा आक्षेप याच्या नेमका उलटा: एवढा खर्च केलाच आहे तर सगळंच बघून घ्या. पॅकेजवाले याच इच्छेवर जगतात. त्यांचा कार्यक्रम नीट वाचा. एका दिवशी बातुर ज्वालामुखीवरचा सूर्योदय, त्यासाठी रात्री दोनच्या सुमाराला गाडी दारात. दुसऱ्या दिवशी बोटीने नुसा पेनिदा. तिसऱ्या दिवशी लेम्पुयांग मंदिराचं प्रवेशद्वार. त्या द्वाराखाली पाण्यात पडलेलं प्रतिबिंब फोटोत दिसतं ना, तिथे पाणी नसतंच. फोटो काढणारा मोबाईलखाली आरशाचा तुकडा धरतो. त्या एका फोटोसाठी जोडपी तासन्‌तास रांगेत बसतात. लग्नाच्या दगदगीतून नुकतीच सुटलेली दोन माणसं पुन्हा रांगेत बसवायची, याला मी सहल म्हणणार नाही.

उरला शेवटचा आक्षेप: हॉटेल बदलण्यात अर्धा दिवस फुकट जातो. जाईल, जर तो नुसता गाडीत घालवला तर. पण उबुदहून दक्षिणेला उतरताना मास हे लाकडावरच्या कोरीवकामाचं गाव आहे आणि चेलुक चांदीकामाचं. वाटेत थांबा, कारागिरांचे हात चालताना बघा. तो अर्धा दिवस सत्कारणी लागेल.

आता माझी बाजू. दोन मुक्काम करायचे, कारण या दोन जागा खरोखर वेगळ्या आहेत. उबुदभोवती भातखाचरं आहेत आणि त्यांना पाणी देणारी सुबक नावाची व्यवस्था. मुळेच्या उजव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचणार का, या चिंतेत वाढलेल्या नेवाशाच्या मुलामुलीला ती जितकी कळेल तितकी दुसऱ्या प्रवाशाला कळणार नाही. तिथे पाण्याच्या पाळ्या शेतकरी एकत्र बसून, जलमंदिरांच्या साक्षीने ठरवतात. 1970च्या दशकात सरकारने जास्त पिकाच्या ओढीने ही पाळी मोडायला लावली आणि खाचरांवर किडीचा कहर झाला. स्टीफन लान्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की एकाच वेळी शेतं पडीक ठेवण्याची जुनी रीतच कीड आटोक्यात ठेवत होती. 2012मध्ये युनेस्कोने या व्यवस्थेला जागतिक वारसा मानलं. बांधावरून चालत हे बघायला मुक्कामच हवा. माळकरी घरातल्यांनी तिथे एवढंच करावं: सांबल नावाच्या चटणीत बहुधा कोळंबीचं वाटण असतं, ते आधी विचारून घ्यावं.

समुद्रकाठचा मुक्काम शेवटी ठेवावा, कारण विमानतळ दक्षिणेलाच आहे. जागा निवडताना मात्र नावाला भुलू नये. कुटा, चांगू इथल्या लाटा सर्फिंगवाल्यांच्या. तिथली ओढ विहिरीत पोहायला शिकलेल्याला झेपणारी नाही. सानुर आणि नुसा दुआ इथे प्रवाळाची रांग लाटा अडवते, पाणी शांत असतं. तिथून उलुवातूच्या कड्यावर एक संध्याकाळ काढावी. पुरुषांच्या मोठ्या समूहाच्या नुसत्या आवाजाच्या तालावर तिथे रामायण उभं राहतं.

ऋतूही पाहा. बालीत साधारण नोव्हेंबर ते मार्च पाऊस असतो, म्हणून बाली एप्रिल-मेच्या लग्नांना सोयीची. डिसेंबर-जानेवारीत लग्न असेल तर अंदमान गाठावं आणि दोन मुक्कामांचा नियम तिथेही पाळावा: पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, सेल्युलर जेलसाठी, आणि स्वराजद्वीप राधानगरच्या किनाऱ्यासाठी.

आणि सर्वांत महत्त्वाचं. आपल्याकडे हा बेत नवरदेव, त्याचे मित्र आणि एजंट मिळून ठरवतात. नवरीला तिकीट निघाल्यावर कळतं. सहा रात्री असतील तर तीन तिच्या पसंतीच्या, तीन त्याच्या. तिने भातखाचरं निवडली तर त्याने कुरकुर न करता बांधावरून चालावं. त्याने समुद्र निवडला तर तिने त्यात मनापासून उतरावं. संसारात पुढे घर, नोकरी, मुलांची शाळा, शेतीचा वाटा असे मोठे निर्णय यायचेच आहेत. तिचं मत विचारण्याची सवय लावायची तर ती पहिल्याच निर्णयापासून लावावी. म्हणून एजंटकडे पैसे भरण्याआधी मुलाने मुलीला फोन करावा आणि आधी तिची जागा विचारावी.