विश्लेषण : तळघरातली गळती लेपाने का थांबत नाही?

पावसाने जोर धरला की पुण्यातल्या अनेक सोसायट्यांच्या तळघरांत पंपांची घरघर सुरू होते. पार्किंगमध्ये पाण्याचा पातळ थर, भिंतीच्या पायथ्याशी ओल, रंगाचे पोपडे आणि त्यामागे पांढरे क्षार. सर्वसाधारण सभेत वॉटरप्रूफिंगचा विषय येतो, कोटेशने मागवली जातात, वर्गणी निघते. पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा हजर, फक्त चार फूट डावीकडे. खापर कंत्राटदारावर फुटते. त्याचा दोष असेलही. पण अनेकदा मूळ चूक तो येण्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

पाणी येते कुठून?

पुण्याखाली बेसॉल्टचा काळा कातळ आहे. अखंड कातळात पाणी जवळजवळ मुरत नाही. ते साठते आणि वाहते ते वरच्या मुरमात, कातळाच्या भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यांत. शेतकरी विहीर खणतो ती नेमक्या याच जागा गाठण्यासाठी; झरा लागला की नारळ फोडतो. शहरात तेवढाच खोल खड्डा घेतला जातो, झरेही तसेच लागतात, पण इथे गाड्या लावायच्या असतात.

यात आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. खड्डा इमारतीपेक्षा थोडा रुंद घ्यावा लागतो. भिंत उभी राहिली की ती आणि कातळ यांमधली फट मुरूम किंवा राडारोड्याने भरतात. ही सैल भर पावसाचे पाणी पिते आणि भोवतीचा कातळ ते सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे परिसरातली भूजलपातळी खोल असली तरी इमारतीभोवती आयता हौद तयार होतो.

या हौदाचा दाब लहान नसतो. पाण्याच्या प्रत्येक मीटर उंचीमागे दर चौरस मीटरला एक टन, असा हा हिशेब आहे. तळघराच्या तळापासून पाणी तीन मीटर वर चढले तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर तीन टन, तेही खालून वर. एक हजार चौरस मीटरच्या तळघरासाठी हा आकडा तीन हजार टनांवर जातो. रिकामी भूमिगत टाकी कधी कधी जमिनीतून उचलली जाते, ती याच दाबाने. एवढ्या दाबाखालचे पाणी काँक्रीटमधला कच्चा दुवा शोधून काढते : तळाचा स्लॅब आणि भिंत यांचा सांधा, आदल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या काँक्रीटमधली रेघ, पाइप जाण्याची जागा, नीट न ठासल्याने पोकळ राहिलेला भाग.

आतून उपाय का फसतो?

भिंतीच्या बाहेरून दिलेला थर पाण्याच्या दाबानेच भिंतीवर घट्ट बसतो. आतून दिलेला लेप तोच दाब ढकलून काढतो. महाराष्ट्रात शहाबादी फरशीचे ‘बॉक्स वॉटरप्रूफिंग’ रूढ आहे, ते बांधकामाच्या वेळी बाहेरूनच केले जाते. फट भरून झाली, वर रस्ता आणि बाग झाली की ती संधी गेली. मग उरते ते भेगांमध्ये रसायन भरणे. ते निरुपयोगी नाही, ती भेग बंदही होते; पण बाहेरचा दाब तसाच राहतो आणि पाणी शेजारची वाट धरते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

दाब उतरवायचा तर पाणी बाहेरच गोळा करून उपसावे लागते. मात्र सध्या बऱ्याच ठिकाणी हे उपसलेले पाणी थेट गटारात जाते आणि त्याच सोसायटीच्या फाटकातून टँकर आत येतो. तपासणी करून ते बागेला आणि फ्लशला वापरणे एवढे अवघड नाही.

खरा प्रश्न परवानगीच्या टप्प्यावर विचारायला हवा. जमिनीच्या तपासणीचे बोअर एप्रिल-मेमध्ये घेतले असेल तर ते कोरडे दिसणारच. तळघराला सामोरे जायचे असते ते पावसाळ्याअखेरच्या पाण्याला. ती पातळी मोजल्याशिवाय तळघराचा आराखडा मंजूरच होऊ नये.

ज्यांच्या तळघरात पाणी आले आहे, त्यांनी कोटेशन मागवण्याआधी ते पाणी कुठले हे ठरवावे. क्लोरिन आढळला तर संशय नळाच्या पाण्यावर, म्हणजे बहुधा सोसायटीच्याच टाकीवर. भिंतीबाहेर बोअर घेऊन वर्षभर पातळीची नोंद ठेवली तर पाणी किती उंच चढते हे कळते. ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील तर रेरा कायद्याचे कलम १४ (३) वाचावे. या मुदतीत बांधकामातला दोष निदर्शनास आणून दिल्यास तो ३० दिवसांत, विनाशुल्क दूर करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. तक्रार मात्र लेखी हवी, तारीख आणि छायाचित्रांसह. आतून लेप चढवण्याआधी.